चमचाभर चवीचा हिशोब

दोस्तांनो, प्रदर्शन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बाकावर चादर अंथरून मांडलेला पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, बाटलीत बुडवलेला साप आणि शेजारी "हात लावू नये" अशी पाटी. खरं ना? आज मात्र मी तुम्हाला जिथे नेणार आहे, तिथे हात लावला तर चालतोच, पण तोंडात टाकलं तरी कुणी रागवत नाही. उलट बोलावून बोलावून तळहातावर ठेवतात. "घ्या ना, चाखून तर बघा!"

खाद्यपदार्थांचं प्रदर्शन! तोंडाला पाणी सुटलं? सुटू दे. पण आत शिरण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. त्या मांडवात जो चिमूटभर चिवडा तुमच्या हातावर पडतो, तो तुम्हाला फुकट असतो, देणाऱ्याला नसतो. त्या चिमटीमागे काय काय असतं, हे एकदा कळलं की प्रदर्शन पाहण्यातली मजा दुप्पट होते. माझी तरी झाली.

अशी प्रदर्शनं दोन जातींची असतात, बरं का. एक आपल्या सगळ्यांसाठी. मुंबईत भरणारं 'महालक्ष्मी सरस' किंवा पुण्यातली 'भीमथडी जत्रा' तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. तिथे गावोगावच्या बचत गटांच्या बायका येतात. कुणी खापरावरचे मांडे करून दाखवतं, कुणी नाचणीचे पापड विकतं, कुणी हुरड्याची थालीपिठं लावतं. आपण खातो, पिशव्या भरतो, घरी येतो.

दुसरी जात आहे व्यापाऱ्यांची. इथे माल विकायला ठेवलेलाच नसतो! दिल्लीत प्रगती मैदानाच्या आवारात (आता तिथे भारत मंडपम उभं आहे) दरवर्षी 'आहार' नावाचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे एका स्टॉलवर बिस्किटं, पलीकडे बिस्किटं भाजायची भट्टी, त्याच्या पलीकडे बिस्किटांचा पुडा बांधायचं यंत्र. येणारे लोक हॉटेलवाले, दुकानदार, परदेशी माल पाठवणारे. त्यांना अर्धा किलो नको असतं, अर्धा ट्रक हवा असतो. अशा बहुतेक ठिकाणी अठरा वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत. म्हणजे तुम्ही आत्ता फाटकाबाहेर! हिरमुसू नका, मी आतली गंमत सांगतो.

या जातीचं सर्वांत बलाढ्य प्रदर्शन जर्मनीत कोलोन शहरात दर दोन वर्षांनी भरतं. नाव 'अनुगा'. १९१९ साली ते पहिल्यांदा भरलं, तेव्हा सगळे मिळून दोनशेच्या आसपास जर्मन कारखानदार होते. २०२३ साली तिथे ११८ देशांतून सुमारे ७,९०० जण आपापला माल घेऊन आले होते. आता गणित घाला. प्रदर्शन पाच दिवसांचं. रोजचे आठ तास धरा. एका माणसानं न थांबता, न जेवता सगळे स्टॉल पाहायचे म्हटले, तर एका स्टॉलला किती वेळ मिळेल? करा बघू भागाकार. अठरा सेकंद! एवढ्या वेळात पुड्याची गाठसुद्धा सुटत नाही. म्हणून खरेदीदार घरूनच यादी करून येतात, हातात नकाशा असतो आणि पायांत मऊ बूट. मी एका अनुभवी व्यापाऱ्याला विचारलं होतं, "प्रदर्शनाला जाताना सगळ्यांत महत्त्वाचं काय न्यावं?" ते म्हणाले, "जुने बूट. नव्या बुटांनी माझा एक अख्खा दिवस खाल्लाय."

आणि स्टॉल तरी केवढा? साधा स्टॉल तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद. म्हणजे आपल्या घरातल्या एका लहानशा खोलीएवढा. त्यासाठी भाडं मोजायचं, रेल्वेचं तिकीट, माणसांचं राहणं-खाणं, मालाची वाहतूक सगळं वेगळं. कोपऱ्यावरचा स्टॉल दोन बाजूंनी उघडा, म्हणून तो महाग. आणि जागा जर जिन्याच्या वर, मागच्या अंगाला मिळाली तर? मग कपाळाला हात!

नेमकं हेच एकदा झालं. १८९३ सालचं शिकागो तुम्हाला ठाऊक आहे, स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे. ती धर्मपरिषद तिथल्या मोठ्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानंच भरली होती. त्याच प्रदर्शनात हेन्री हाइन्झ नावाचे एक लोणचेवाले आले होते. होय, टोमॅटो केचपच्या बाटलीवर ज्यांचं नाव असतं, तेच! त्यांनी स्टॉल थाटला झोकात, पण जागा मिळाली वरच्या मजल्यावर. खाली फिरून फिरून दमलेले लोक जिना चढायला तयार होईनात. हाइन्झ जिन्याच्या तोंडाशी उभे राहून पाहतात, तो माणसं खालच्या खाली निघून जातायत. मग त्यांनी छोट्या चकत्यांसारख्या चिठ्ठ्या करवून घेतल्या आणि मैदानभर वाटल्या. "ही घेऊन वरच्या स्टॉलवर या, एक भेटवस्तू घेऊन जा." भेट काय, तर घड्याळाच्या साखळीला लावायची इवलीशी हिरवी काकडी! लोकांनी जिन्यावर रेटारेटी केली. गर्दी एवढी झाली, की वरच्या मजल्याच्या जमिनीला आधार द्यावे लागले, असं सांगतात. प्रदर्शन संपेपर्यंत सुमारे दहा लाख काकड्या वाटून झाल्या.

मला या गोष्टीत काकडीपेक्षा जिना महत्त्वाचा वाटतो. लोणचं पहिल्या दिवशीही तेच होतं आणि शेवटच्या दिवशीही तेच. ते लोकांपर्यंत पोचत नव्हतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट, आपल्या चहाची. १९०४ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात असंच जागतिक प्रदर्शन भरलं होतं. हिंदुस्थानातल्या चहाचा प्रचार करायला रिचर्ड ब्लेचिन्डेन नावाचे गृहस्थ तिथे गेले होते. उन्हाळा असा कडक, की वाफाळता कप पाहूनच लोक पुढे सरकायचे. मग त्यांनी चहात बर्फ घालून द्यायला सुरुवात केली आणि स्टॉलपुढे रांग लागली. कित्येक पुस्तकांत लिहिलेलं असतं, की बर्फाचा चहा जन्मला तो इथेच. ते काही खरं नाही हं! त्याच्या पंचवीस वर्षं आधी छापलेल्या अमेरिकन पाककृतींच्या पुस्तकातसुद्धा त्याची कृती सापडते. पण त्या उन्हाळ्यानं तो घराघरात पोचायला मदत झाली, हे मात्र खरं.

आता चाखण्याकडे वळू. तुम्ही म्हणाल, त्यात शिकायचं काय? तोंड उघडायचं आणि टाकायचं! पण चहाची परीक्षा करणारे लोक पाहा. ते चमचाभर चहा 'फुर्रर्र' असा मोठा आवाज करत ओढतात. तुमच्या आजीनं ऐकलं तर पाठीत धपाटा बसेल. त्यांना मात्र तसं केल्यानं चहा हवेबरोबर तोंडभर पसरवता येतो आणि त्याचा वास आतून नाकापर्यंत चढतो. आपण ज्याला 'चव' म्हणतो, त्यातला मोठा भाग खरं तर वास असतो. पटत नाही? नाक घट्ट चिमटीत धरून थोडी बडीशेप चावा. नुसतं गोडसर काहीतरी लागेल. आता नाक सोडा. आली बडीशेप! चहा ओढून झाला की ते तो गिळत नाहीत, थुंकून टाकतात. दिवसाकाठी शेकडो कप प्यायचे म्हणजे पोटाचं काय होईल!

प्रदर्शनात हे थुंकण्याचं सोडून बाकीचं आपणही करू शकतो. आधी सौम्य पदार्थ, मग खारट, मग आंबट, आणि ठेचा-लोणच्याचे स्टॉल अगदी शेवटी. एकदा का भिवापुरी मिरचीचा ठेचा जिभेवर पडला, की पुढची खीर आणि पिठलं सारखंच लागतं. तिखट लागलंच तर पाण्यावर पाणी पिऊ नका. मिरचीतलं तिखट द्रव्य पाण्यात नीट विरघळत नाही, दुधात-ताकात मात्र ते निघून यायला मदत होते. ताकाचा स्टॉल कुठे आहे, ते आधीच हेरून ठेवावं. हा माझा लाखमोलाचा सल्ला!

आणि आता तो हिशोब, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. वही-पेन्सिल घ्या. समजा, एक मावशी चिवडा विकतायत. एक किलो करायला त्यांना ३०० रुपये खर्च येतो, विकतात ४०० रुपयांना. पाव किलोचं पाकीट १०० रुपयांचं, त्यात त्यांना सुटतात २५ रुपये. चव दाखवायला त्या प्रत्येकाच्या हातावर १० ग्रॅम ठेवतात. म्हणजे एका चिमटीचे तीन रुपये. तीन रुपये म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? पण चार दिवसांत हजार माणसं चाखून जातात. झाले तीन हजार. हे तीन हजार नुसते भरून काढायला किती पाकिटं खपायला हवीत? तीन हजार भागिले पंचवीस. एकशेवीस! हजारातल्या एकशेवीस जणांनी पाकीट घेतलं, तर मावशींची चव दाखवण्याची किंमत तेवढी वसूल झाली. स्टॉलचं भाडं अजून बाकी, एसटीचं भाडं बाकी, चार दिवस बुडालेली मजुरी बाकी.

म्हणून काही चाखू नये का? छे, छे! चाखायलाच तर त्या बोलावतात. फक्त पाच जणांच्या टोळक्यानं एकाच स्टॉलवर तीन-तीनदा हात पुढे करू नये, एवढंच. मी असे महाभाग पाहिलेत. बहुतेक वेळा ती मुलं नसतात, चांगली मोठी माणसं असतात!

मग विकत घ्यायचं नसेल, तर चाखून आपण काय द्यायचं? सांगतो. गेल्या हिवाळ्यात अशाच एका प्रदर्शनात मी सिंधुदुर्गातल्या एका बचत गटाच्या स्टॉलपाशी बराच वेळ रेंगाळलो होतो. त्यांच्याकडे कोकमाचं आगळ होतं. आगळ म्हणजे पिकलेल्या रातांब्यांचा मीठ घालून केलेला दाट, लालभडक रस. त्याचीच सोलकढी करतात. साखरेचं 'अमृत कोकम' वेगळं. स्टॉलवरच्या मावशींबरोबर त्यांची मुलगी होती, सातवी-आठवीतली असावी. मावशी चमचाभर आगळ लोकांना द्यायच्या, आणि ती मुलगी वहीत काहीतरी रेघा मारत होती. मी विचारलं, "काय लिहितेस गं?" तिनं वही पुढे केली. 'खारट वाटलं' याच्यापुढे एकवीस रेघा. 'रंग आवडला' याच्यापुढे सतरा. 'नुसतंच छान म्हणाले' याच्यापुढे तर मोजता येणार नाहीत इतक्या!

"छान म्हणणारे काही घेत नाहीत," ती म्हणाली, "खारट म्हणणारे निदान थांबतात तरी."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा गेलो. आता चमचा नव्हता. छोट्या कागदी पेल्यांतून नारळाच्या दुधातली सोलकढी देत होत्या. शेजारी बाटली आणि एक चिठ्ठी, एका वाटी दुधाला किती आगळ घालायचं ते लिहिलेली. माल तोच, फक्त तो कसा खायचा हे लोकांना कळायला लागलं. एकवीस जणांनी तोंड वाकडं करून खरं सांगितलं, म्हणून हे झालं.

तेवढ्यात एक हॉटेलवाले आले. त्यांनी सोलकढी घोट घोट घेतली आणि प्रश्नांची फैर झाडली. बाटली न उघडता किती दिवस टिकतं? उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायला लागतं का? रंग घातलाय का? दरवेळी मीठ मोजून घालता की अंदाजानं? मावशी एकेक उत्तर देत होत्या. मग शेवटचा प्रश्न आला, "मला महिन्याला शंभर बाटल्या हव्यात. वर्षभर. देणार का?"

वर्षाच्या बाराशे बाटल्या! मला वाटलं, मावशी आता उडीच मारतील. त्या म्हणाल्या, "नाय हो साहेब. रातांबे वर्षातून एकदाच होतात, मे महिन्यात. पाऊस पडला की संपलं. या मोसमातल्या दोनशे बाटल्या उरल्यात, त्या घ्या. बाकीच्या हव्या तर पुढल्या एप्रिलच्या आत सांगा, आम्ही जास्त बायका बसवू. आत्ता हो म्हणायचं आणि मागाहून पाणी घालून वाढवायचं, ते आमच्याकडून व्हायचं नाय."

हॉटेलवाले हसले. दोन बाटल्या विकत घेतल्या, वहीत फोन नंबर लिहून दिला आणि गेले. मुलीचं तोंड जरा पडलं होतं. मावशींचं अजिबात नाही. त्या पुढच्या गिऱ्हाइकाला सोलकढी ओतायला लागल्यासुद्धा.

मित्रांनो, व्यापाराच्या प्रदर्शनात सगळी गोष्ट याच प्रश्नांवर येऊन ठेपते. चव तर हवीच, पण चवीच्या पुढे "टिकतं किती?" आणि "दरवेळी असंच मिळेल का?" हे प्रश्न येतात. चकलीचंच घ्या. आपल्या आईची चकली जगात भारी, यात वादच नाही. पण ती महिनाभर कुरकुरीत राहते असं धरलं, तर परदेशी कशी जाणार? जहाजाला युरोपात पोचायलाच तीन-चार आठवडे तरी लागतात. पुढे बंदरावरची तपासणी, मग गोदाम, मग दुकान. चकली फळीवर चढेपर्यंत मऊ पडलेली! म्हणून पुड्यातली हवा काढून नायट्रोजन भरणं, तेल खवट होऊ न देणं, या गोष्टींवर माणसं वर्षानुवर्षं काम करतात. त्या मानानं विक्रमांची धमाल निराळी. दिल्लीत २०१७ च्या नोव्हेंबरात 'वर्ल्ड फूड इंडिया' भरलं होतं, तेव्हा ९१८ किलो खिचडी एकाच कढईत शिजवून गिनीज बुकात नाव लागलं. फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. मला ती कढई पाहायला आवडली असती, नाही म्हणत नाही! पण माल ठरतो तो कढईपाशी नाही, स्टॉलमागच्या टेबलावर, कागद-पेन घेऊन.

पुढच्या वेळी तुम्ही गेलात की पुड्याची मागची बाजूही वाचा. चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का? तो अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा असतो. चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. घटकांच्या यादीत जे सगळ्यांत जास्त, ते सगळ्यांत आधी लिहावं लागतं. 'आंबा सरबत' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि यादीत पहिली साखर, दुसरं पाणी, असं दिसलं तर समजून जा. आणि तो बारीकसा 'बॅच' नंबर? एका दिवशी, एका घाण्यात केलेल्या मालाला एकच नंबर. उद्या त्यात काही बिघाड निघाला, तर तेवढाच माल परत बोलावता येतो, सगळा फेकावा लागत नाही.

आई-बाबांना एक विनंती. मुलं स्टॉलवर प्रश्न विचारायला लागली की "चल, उशीर होतोय" म्हणून हात ओढू नका. विकणारी माणसं कंटाळत नाहीत, उलट खुलतात. आणि घासाघीस करायची तर यंत्र विकणाऱ्या कंपनीशी करा, हातानं पापड लाटणाऱ्या बाईशी दोन रुपयांवरून नको.

शेवटच्या दिवशी दुपारी जायला मिळालं तर अवश्य जा. तेव्हा मांडवाचं रूपच वेगळं असतं. फलक उतरतात, खोकी बाहेर येतात, शेजारचे स्टॉलवाले एकमेकांना आपापला माल देतात. नाचणीच्या बदल्यात काजू, काजूच्या बदल्यात हळद. कोलोनच्या त्या अवाढव्य प्रदर्शनात उरलेलं चांगलं अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोचवणारे स्वयंसेवक येतात. आपल्या त्या आगळवाल्या मावशींनी शेवटी खोक्यात बांधल्या अवघ्या एकोणीस बाटल्या. मुलीनं वहीवर रबर चढवलं आणि ती दप्तरात नाही, आईच्या पैशांच्या पिशवीत ठेवली.

तुमच्या गावात किंवा जवळपास असं प्रदर्शन भरलं तर एक छोटी वही घेऊन जा. काय चाखलं, कुठल्या गावचं होतं, आणि तुम्ही विकणाऱ्याला "छान" सोडून दुसरं काय सांगितलंत, ते मला पत्रानं कळवा. पत्ता नेहमीचाच. आणि हो, पत्रावर लोणच्याचे डाग पडले तरी चालतील!